डावी नळी

रेडिऑलॉजीच्या डॉक्टर बाईंनी पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर पेनाचं टोक ठेवलं. मानेच्या पाचव्या मणक्याला उजवीकडून चिकटून एक छर्रा बसला होता. तो पोलादाचा आहे, त्यामुळे पेशंटला एमआरआयच्या यंत्रात घालता येणार नाही, असं त्या म्हणाल्या.

"यंत्र म्हणजे एक प्रचंड चुंबक आहे. छर्रा हलला तर मज्जारज्जू शेजारीच आहे."

"आणि शिशाचा असता तर?" अश्लेषानं विचारलं.

"शिशाला चुंबक ओढत नाही. मग आम्ही मार्चमध्येच एमआरआय केला असता. पण पोलिसांच्या अहवालात पोलाद आहे, आणि शिकारीत शिसं या देशात तीसेक वर्षांपासून बंद आहे."

पेशंट म्हणजे अश्लेषाचा जयप्रकाशमामा. फेब्रुवारीत त्याच्या उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मार्चमध्ये ऑफिसात हातातून माउस सुटू लागला. आता मे संपत आला होता आणि तो सायकल सोडून बसस्टॉपपर्यंत कुंपणाला हात लावत चालत होता. मानेत मज्जारज्जू कुठेतरी दाबला जातोय हे सर्जनला दिसत होतं, पण कशानं ते दिसत नव्हतं. पाठीतून सुईनं औषध सोडून सीटी स्कॅन करून झाला होता. धातूभोवती त्या चित्रात पांढरे फराटे पडतात, आणि जिथे बघायचं होतं नेमके तिथेच ते पडले होते. न बघता मान उघडायला सर्जन तयार नव्हते. थांबून बघू, असं ते दर वेळी म्हणत.

"म्हणजे शिसं लागलं असतं तर नशीबवान ठरलो असतो," हॉस्पिटलमधून बाहेर पडताना मामा म्हणाला. "लहानपणी पेन्सिल चावली तरी आई ओरडायची, शिसं पोटात जाईल म्हणून."

अश्लेषा हसली नाही. युट्रेख्टमध्ये रेल्वेचे बोल्ट तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती काम करत होती. दिवसभर धातू ताणायचा आणि तो कुठे तुटतो ते बघायचं. तिला वाटलं, पोलाद म्हणजे तरी काय, शेकडो प्रकार असतात. काही चुंबकाला जेमतेम दाद देतात. तो छर्रा नेमका कुठल्या पोलादाचा होता, हे कुणीच विचारलं नव्हतं.

विचारायचं कुणाला हेही माहीत होतं. कुशलकाकाला.

नोव्हेंबरमधली ती गोष्ट सगळ्या मराठी मंडळींनी दिवाळीनंतरच्या दोन-तीन जेवणांत ऐकली होती. कुशल मामाचा पंधरा वर्षांचा मित्र, दोघंही एकाच बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करणारे. लायडस्खेनडाम-फोरबर्गमध्ये त्याच्या शेजारी हारमेन नावाचा म्हातारा शिकारी राहायचा. त्याच्या नादानं कुशल वर्षभर अभ्यास करून शिकारीची परीक्षा पास झाला. हारमेन गेल्यावर त्याच्या बायकोनं त्याची जुनी दुनळी बंदूक रीतसर कुशलच्या नावावर केली. आल्मेरेच्या पलीकडे पोल्डरमध्ये, म्हणजे समुद्र हटवून केलेल्या शेतजमिनीत, एका शेतकऱ्याची कोबी रानकबुतरं फस्त करायची, म्हणून त्यानं कुशलला यायची परवानगी दिली होती. मामा सोबत जायचा, चहाचा थर्मास घेऊन.

"घरात अंडं आणू देत नाही," नंदामामी म्हणायची, "आणि मेलेली कबुतरं गोळा करायला पहाटे उठून जातो."

"गोळा करतो, खात नाही," मामा म्हणायचा.

त्या दिवशी कुशलनं मारलेलं एक कबूतर पंख मोडून कोबीत फडफडत राहिलं. ते बघवेना म्हणून मामा आडोशातून उठला आणि ते धरायला गेला. तेवढ्यात दुसरा थवा आला. कुशलनं समोरच्या पक्ष्यावर बार टाकला, आणि पाटाच्या काँक्रीटच्या मोरीवर आपटून एक छर्रा उलटा आला तो मामाच्या मानेत. पोलाद टणक असतं, दगडावरून उसळतं, हे हारमेननं शंभरदा सांगितलं होतं, असं कुशल सांगायचा. पोलीस आले होते, त्यांनी काडतुसांचा खोका बघितला, दोघांचे जबाब घेतले आणि अपघात म्हणून लिहून टाकलं. तेव्हा डॉक्टरही म्हणाले होते की छर्रा खोल आहे, त्रास देत नाही, राहू दे.

शनिवारी अश्लेषा फोरबर्गला गेली. कुशलकाका एकटाच होता. हॉस्पिटलमध्ये काय झालं ते त्यानं उभ्यानंच ऐकलं.

"एक काडतूस द्याल का, काका? त्या दिवशीच्याच खोक्यातलं. मला छर्रे तपासायचेत."

"काडतूस घेऊन ट्रेननं नाही फिरता येत तुला. परवाना लागतो." तो जिन्याकडे वळला. "छर्रे देतो काढून."

त्यानं वरून एक लाल काडतूस आणलं, वर्तमानपत्रावर ठेवून कटरनं त्याचं तोंड उघडलं. राखाडी, चकचकीत गोळ्या कागदावर घरंगळल्या. शिकवण्याची त्याला आवड होती; बोलायला लागल्यावर त्याचा आवाज जरा सैल झाला.

"पोलाद शिशाहून हलकं. साधारण सत्तर टक्के. त्यामुळे वेग लवकर मरतो. मग छर्रा मोठा घ्यावा लागतो. शिशात पावणेतीन मिलिमीटर पुरायचा, पोलादात सव्वातीन. आणि तीस मीटरच्या पलीकडे बार टाकायचाच नाही. पक्षी मरत नाही, नुसता जखमी होऊन जातो. मी तीस मीटरवर काठी रोवून ठेवतो."

"पण त्या दिवशी एक जखमी झालंच."

"होतं कधीकधी." त्यानं छर्रे बडीशेपेच्या रिकाम्या डबीत भरले. "जेपीला मी हजारदा सांगितलं होतं, बंदूक बिजागरीशी उघडून, रिकामी होऊन माझ्या हातावर आडवी पडल्याशिवाय जागचं हलायचं नाही. तुझा मामा म्हणजे. कबुतराला पाणी पाजायला निघाला असेल."

"चहा पाजला असता," अश्लेषा म्हणाली. दोघंही हसले, आणि मग कुशलकाका एकदम उठून खिडकी उघडायला गेला.

घरी येऊन तिनं फ्रिजवरचं चुंबक डबीत घातलं. सगळे छर्रे उडी मारून त्याला चिकटले, एकमेकांना धरून दाढीसारखे लोंबले. आशा तिथेच संपली. साधं मऊ पोलाद, एमआरआयसाठी याहून वाईट नाही.

सोमवारी प्रयोगशाळेत तिनं ते छर्रे तरीही मोजले. समोर आलेली वस्तू न मोजता ठेवायची तिला सवय नव्हती. सव्वातीन मिलिमीटर, कुठे शतांशाचा फरक. मग मामाच्या सीटीची चित्रं तिनं लॅपटॉपवर उघडली आणि मानेतला छर्रा आडवा, उभा, तिरका मोजला. कुठूनही मोजला तरी तीनच्या आतच येत होता.

तिला आधी वाटलं आपलंच चुकतंय. पण सीटीवर धातूची कड फुगते. तो खऱ्या मापापेक्षा मोठा दिसतो, लहान कधी नाही. म्हणजे मामाच्या मानेत जे होतं ते तीनपेक्षाही कमी होतं. कुशलकाकाच्या लाल काडतुसातून ते आलेलं नव्हतं.

संध्याकाळी ती आल्मेरेला गेली. मामी पाळणाघरातल्या नोकरीवरून नुकतीच आली होती आणि स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. मामा टेबलाशी बसून डाव्या हातानं मेल टाइप करत होता. अश्लेषानं लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला आणि मापं दाखवली.

"म्हणजे?" मामा म्हणाला.

"म्हणजे बंदुकीत त्या दिवशी आणखी काहीतरी होतं. पावणेतीनचं. काका म्हणाले, शिशाचे छर्रे पावणेतीनचे असायचे."

"कुशल शिसं वापरणार नाही. बेकायदा आहे ते."

"वापरलं असेल तर तुझा एमआरआय होऊ शकतो, मामा. या आठवड्यात."

आतला सुरीचा आवाज थांबला होता.

"पण एक गोष्ट जुळत नाही," अश्लेषा म्हणाली. "शिसं मऊ असतं. काँक्रीटवर आपटलं असतं तर चपटं झालं असतं, पैशासारखं. हा सगळीकडून गोल आहे. शिसं असेल तर ते मोरीवर आपटलेलंच नाही. आणि मोरीवर आपटलं असेल तर शिसं नाही. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. तू तिथे होतास. मोरीवरून आला ना छर्रा?"

मामानं लॅपटॉपचं झाकण खाली ओढलं. उजव्या हातानं ओढायला गेला, बोटं घसरली, मग डाव्यानं.

"डॉक्टरांना त्याच्याशी काय करायचंय, कुठून आला ते?"

"सगळं त्यावरच आहे."

"मोरीवरून आला. जबाबात लिहिलंय."

"जयप्रकाश," मामी दारात येऊन उभी राहिली. हातात सुरी तशीच होती. "जबाबात काय आहे ते नाही विचारलं तिनं."

 मामा टेबलाकडे बघत बोलला.

"पहिला बार समोर झाला. तो चुकला, थव्यातलं ते कबूतर सुटलं आणि माझ्याकडे वळलं, खालून. कुशलनं बंदूक त्याच्या मागे फिरवली. मला नळीची दोन्ही भोकं दिसली, शेजारी शेजारी. मी मान फिरवली तेवढ्यात दुसरा बार झाला. बाकीचे छर्रे बाजूनं गेले, कडेचा एक लागला."

"तुला सरळ लागलं," मामी म्हणाली.

"त्यानं मुद्दाम नाही मारलं, नंदा. पक्ष्याकडे बघत होता तो."

"मग मोरी कुठून आली?"

"पोलीस यायच्या आधी, गाडीत ठरलं. त्याचा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा सरकारकडे निर्णयासाठी होता. माणसावर बंदूक फिरवली म्हटलं की गुन्हा, लायसन्स जातं, अर्ज जातो. मोरीवरून उसळलं तर अपघात. मला वाटलं, मानेला काय फरक पडतो? कुठूनही आलं तरी आत तेच आहे."

"आत काय आहे हे तुला माहीत नव्हतं," अश्लेषा म्हणाली.

"नव्हतं. शिशाचं तो कधी बोलला नाही."

मामीनं सुरी सिंकमध्ये ठेवली, हात पुसले आणि स्वतःच कुशलला फोन लावला. जेवायला ये, एवढंच म्हणाली.

तो दोन तासांत आला, ऑफिसच्या कपड्यांतच. टेबलावर जेवण नव्हतं, बंद लॅपटॉप होता. ते बघून तो बसला नाही.

"काका, त्या दिवशी बंदुकीत काय होतं?" अश्लेषानं विचारलं.

"तुला छर्रे दिलेत मी. पोलाद."

"दोन्ही नळ्यांत?"

"तू आता माझी उलटतपासणी घेणार का?" तो मामाकडे वळला. "जेपी, काय चाललंय हे? भाची पोलिसांत लागली का?"

"कुशल, बस," मामा म्हणाला. "सरळ लागलं ते मी यांना सांगितलंय. मी तुझ्याकडे बघत होतो तेव्हा."

कुशल बसला. मामीनं त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. सवयीनं ठेवला असावा, कारण ठेवल्यावर ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"त्याच्या हाताचं बघ," ती म्हणाली. "जयप्रकाश, पेला उचल. उजव्या हातानं."

"नंदा, कशाला?"

"उचल."

मामानं हात पुढे केला. बोटं पेल्याभोवती गेली पण आवळली नाहीत. पेला थोडा सरकला आणि पाणी हिंदकळून टेबलावर सांडलं. कुणी पुसलं नाही.

"उजव्या नळीचं तोंड मोकळं आहे," कुशल म्हणाला. तो पाण्याकडे बघत होता. "तिथे पोलाद चालतं. डाव्या नळीचं आवळलेलं आहे, जुन्या पद्धतीचं. त्यातून पोलाद मारलं तर नळी फुगते. पोलाद दबत नाही ना. हारमेनच्या शेडमध्ये शिशाची काडतुसं पडून होती, बंदीच्या आधीची. तो स्वतः तसंच करायचा. उजवीकडे कायदा, डावीकडे शिसं. दुसरा बार लांबच्या पक्ष्यासाठी असतो, आणि पोलाद तिथे पोचत नाही. मला ती बंदूक बदलायची नव्हती."

"पोलिसांनी रिकामी काडतुसं नाही बघितली?" अश्लेषानं विचारलं.

"डावीकडचं मी खिशात घातलं होतं. ते यायच्या आधी."

"याला लागलेलं असताना," मामी म्हणाली. "हा खाली पडलेला असताना तू काडतूस उचललंस."

कुशलनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

"मार्चमध्ये याचा एमआरआय नाकारला. छर्रा पोलादाचा आहे म्हणून नाकारला. ते तुला याच टेबलावर सांगितलं मी. तू दोनदा भाजी वाढून घेतलीस."

"मला वाटलं दुसरा काही मार्ग निघेल. सीटी होणार होता. नंतर वाटलं, आता सांगितलं तर म्हणतील आधी का नाही." त्यानं मामाकडे बघितलं. "आणि जेपीनंही नाही सांगितलं, वहिनी. सरळ लागलं हे त्याला माहीत होतं."

"मला शिसं माहीत नव्हतं," मामा म्हणाला.

"तू सांगितलं असतंस तर कुणीतरी विचारलं असतं."

 मामी नवऱ्याकडे अशी बघत होती की अश्लेषानं नजर वळवली.

"उरलेली काडतुसं कुठेत?" अश्लेषानं विचारलं. "डॉक्टर नुसत्या शब्दावर नाही विश्वास ठेवणार. तेच छर्रे लागतील, त्याच खोक्यातले."

"ते दिले म्हणजे मी पोलिसांना खोटं सांगितलं हे मीच लिहून दिल्यासारखं आहे."

"हो," अश्लेषा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हॉस्पिटलच्या दारात आला. लोकरी मोज्यात कागदात गुंडाळलेले छर्रे होते, काळपट, निस्तेज, पोलादापेक्षा लहान आणि हातात घेतल्यावर जड. अश्लेषानं त्याच्यासमोरच चुंबक लावून बघितलं. काही हललं नाही. तो आत आला नाही. पोलीस ठाण्यात जातोय, म्हणाला, आणि ट्रामच्या दिशेनं चालायला लागला.

डॉक्टर बाईंनी दोन्ही प्रकारचे छर्रे जेलीच्या ठोकळ्यात बसवले आणि सीटीच्या यंत्रातून काढले. ते आकडे मानेतल्या छर्ऱ्याच्या आकड्यांशी ताडून पाहिले. आणखी एका डॉक्टरला बोलावून दाखवले. मग त्यांनी सांगितलं, शिसंच आहे. शुक्रवारी मामा एमआरआयच्या यंत्रात गेला आणि पाऊण तासानं बाहेर आला, आणि छर्रा होता तिथेच होता.

सर्जननं पुढच्या आठवड्यात चित्र दाखवलं. छर्ऱ्यानं काहीच केलं नव्हतं. त्याच्या वरच्या दोन मणक्यांमधली गादी मागे सरकून मज्जारज्जूवर बसली होती, छर्रा नसता तरी बसली असती. मज्जारज्जू तिथे चेपला होता, आणि चेपलेल्या भागाच्या मध्यात एक फिकट पांढरी रेघ होती.

"ही रेघ म्हणजे काय?" अश्लेषानं विचारलं.

"जे गेलं ते. बराच काळ दाब राहिला की असं होतं." सर्जन डचमध्ये सावकाश बोलत होते, परदेशी माणसांशी बोलावं तसे. "आम्ही ऑपरेशन करू. आणखी बिघडायचं थांबेल, पायांना बहुतेक आधार येईल. हात परत येईल असं मी सांगू शकत नाही. त्रास कधी सुरू झाला होता?"

"फेब्रुवारीत," अश्लेषा म्हणाली.

"तेव्हा हे चित्र असतं तर," सर्जन म्हणाले. ऑपरेशनची तारीख शोधायला त्यांनी पडदा दुसरीकडे नेला.

"मामीला एवढं शेवटचं नको सांगूस," मामा मराठीत हळूच म्हणाला.

मामी त्याच्या पलीकडच्याच खुर्चीत होती. गेली नऊ वर्षं ती पाळणाघरात डच मुलांना डचमध्ये गोष्टी सांगत होती. तिनं पर्स उचलली आणि उभी राहिली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तिनं त्याला जॅकेट घातलं. आधी उजवी बाही, मग डावी. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि ती खालून वर एकेक बटण लावू लागली. त्याच्या उजव्या खिशात फोन वाजायला लागला. त्यानं हात खिशाकडे नेला, पण बोटं खिशाच्या कडेवरून घसरून खाली आली. पुन्हा नेला, पुन्हा तेच.

"कुशल असेल," तो म्हणाला. "आज त्याला पोलिसांनी परत बोलावलं होतं. नंदा, काढून दे."

मामीनं पुढचं बटण लावलं.

"अशू, तू तरी."

अश्लेषा दोन पावलांवर उभी होती. तिनं मामीच्या हातांकडे बघितलं आणि जागची हलली नाही. फोन जॅकेटच्या आत वाजत राहिला. मामी गळ्याजवळच्या बटणापर्यंत पोचली, ते काजात नीट बसलंय का ते अंगठ्यानं दाबून पाहिलं, तेव्हा तो वाजायचा थांबला.